प्रमिलाच्या नावाची पेटी

फोन वाजला तेव्हा मी ओल्या फडक्याने काचेच्या पेटीची खिडकी पुसत होतो.

"जोर्वेकर, घ्या की तो फोन," एस्तेर सिस्टर दारातून म्हणाल्या. "सकाळपासून तिसऱ्यांदा पुसताय ती काच. रंगनाथअण्णा काय भांग पाडणार आहेत त्यात बघून?"

मार्गशीर्षातली सकाळ होती, सव्वाआठ वाजले असतील. भांडाराच्या खोलीत गारठा होता. मी फडकं खांद्यावर टाकून फोन उचलला.

"मी डॉक्टर भांगरे बोलतेय, कुंभारदऱ्याहून. जोर्वेकर, तुमच्याकडे बाळांची जादा पेटी आहे का? चालू स्थितीतली?"

मंजुळाबाई भांगरे मूळच्या डोंगरातल्याच. शिकून डॉक्टर झाल्या आणि परत डोंगरात जाऊन आठ खाटांचं हॉस्पिटल घालून बसल्या. इंजेक्शनच्या सुया, सलाइनच्या नळ्या, असलं काहीबाही त्या अधूनमधून मागायच्या आणि मीही गुपचूप द्यायचो. पेटी मात्र कधी मागितली नव्हती.

"काय झालं, बाई?"

"काल दुपारी जुळी झाली. सातव्या महिन्यातली. एक तेराशे ग्रॅम, एक अकराशे. आमची पेटी पहाटे बंद पडली, आतली कॉइलच जळाली. वॉर्डातल्या बायका आळीपाळीने पोरांना उघड्या छातीशी धरून बसल्यात. पण बायका माणसंच आहेत हो, किती वेळ बसतील?"

"इकडे आणा ना त्यांना. आमच्याकडे चार पेट्या आहेत."

"अडीच तास जीपमध्ये? या थंडीत, घाटातून? वाटेतच गार पडतील. बाळं खाली येऊ शकत नाहीत, जोर्वेकर. पेटी वर येऊ शकते. आहे का जादा, तेवढं सांगा."

माझा दुसरा हात पेटीवरच होता. काचेच्या खाली पितळी पाटी. तीही मी नुकतीच चिंचेने घासून लखलखीत केली होती. 'कै. सौ. प्रमिला व तिच्या बाळाच्या स्मरणार्थ.'

"आहे," मी म्हणालो. "विचारून सांगतो."

ही गोष्ट वीस वर्षांपूर्वीची. त्या विचारून सांगण्यात काय काय होतं, ते आधी सांगायला हवं.

आमचं तालुक्याच्या गावातलं धर्मादाय रुग्णालय लोकांच्या देणग्यांवर उभं राहिलेलं. कुणी आईच्या नावाने खाट दिलेली, कुणी वडिलांच्या नावाने ऑक्सिजनचं यंत्र. प्रत्येक वस्तूवर पाटी. आणि विश्वस्तांचा नियम असा, की पाटी असलेली वस्तू फाटकाबाहेर जाणार नाही. दात्याचं मन दुखावेल. पुढे एका कंपनीने चार नव्या पेट्या दिल्या, मोठ्या डॉक्टरांनी नवी यंत्रं मागवली, आणि जुन्या वस्तू चांगल्या चालू असून माझ्या भांडारात येऊन बसल्या. तिथे मी त्यांना कापडं पांघरून ठेवायचो.

पण दात्याच्या माणसाची पुण्यतिथी आली, की ती ती वस्तू पुसून वॉर्डात न्यायची. दाता यायचा, हार घालायचा, डोळे पुसायचा, जायचा. संध्याकाळी वस्तू परत भांडारात. आम्ही त्याला 'दर्शनाला काढणं' म्हणायचो, आणि हसायचोही. रंगनाथअण्णांची पेटी दर्शनाला निघाली, की एस्तेर सिस्टर एखाद्या बाळंतिणीला विचारून तिचं धडधाकट बाळ अर्धा तास आत निजवायच्या. सहा वर्षं आम्ही हे केलं. पाप वाटलं नाही. उलट, म्हाताऱ्याला समाधान देतोय असंच वाटे.

रंगनाथ कुलथे सराफ आळीत बसायचे. शेठ वगैरे नव्हेत, दुसऱ्यांचे तुटलेले डाग सांधून देणारे सोनार. एकुलती मुलगी प्रमिला बाळंतपणात गेली, आणि दोन दिवसांनी तिचं बाळ गेलं. मूल अपुऱ्या दिवसांचं, आणि तेव्हा अख्ख्या तालुक्यात काचेची पेटी नव्हती. बाळाचं नाव ठेवायचंही राहून गेलं, म्हणून पाटीवर नुसतं 'तिच्या बाळाच्या'.

अण्णांची नि माझी ओळख रुग्णालयातली नाही, विठ्ठलमंदिरातली. मला कीर्तनाचं वेड लहानपणापासून. कुणी बुवा आले की मी टाळ घेऊन मागे उभा. अण्णा डावीकडच्या खांबाला टेकून बसायचे. पूर्वरंगात ते डोळे मिटून ऐकत. उत्तररंगात बुवा आख्यानाला उभे राहिले, की डोळे उघडायचे आणि ते वाहायला लागायचे. इतकं मन देऊन ऐकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आरती झाली की बुक्का लावताना मला म्हणायचे, "जोर्वेकर, आज पोटभर झालं हो."

पेटी भांडारात आली त्याच वर्षी पुण्यतिथीला त्यांनी मला विचारलं, "वर्षभरात किती बाळं निजली असतील हो हिच्यात? घरी विचारतात."

मी म्हणालो, "एकतीस."

आणि एवढ्यावर थांबलो नाही. म्हणालो, "एक तर मुठीएवढं होतं, अण्णा. सगळ्यांनी आशा सोडली होती. पण तेराव्या दिवशी आईने खिडकीतून हात घातला, आणि त्याने तिचं बोट असं घट्ट धरलं!"

माझ्या अंगात त्या वेळी जणू बुवाच आले होते. कीर्तनात आख्यान रंगवायला बुवा चार शब्द पदरचे घालतातच की. त्याने ऐकणाऱ्याचं भलंच होतं. माझी समजूत अशी. अण्णा रडले आणि मला हात जोडून गेले. पुढच्या वर्षी मी अडतीस सांगितले, मग बेचाळीस. गेल्या वर्षी सत्तेचाळीस. दर वर्षी एक नवं बाळ, नवं आख्यान.

आणि आज प्रमिलाची पुण्यतिथी होती. अकराच्या सुमाराला अण्णा येणार होते.

मी विश्वस्तांचे चिटणीस बापूसाहेब यांच्या घरी फोन लावला.

"पाठवा की," ते म्हणाले. मला हायसं वाटलं, तोच पुढे म्हणाले, "कुलथ्यांचं दर्शन उरकलं की दुपारी पाठवा. आठवड्यात परत आणायची बोली करून. आणि त्यांना बोलू नका."

"बापूसाहेब, एक बाळ तर अकराशे ग्रॅमचंच आहे. दुपारी निघाली तर पोचायला तीन वाजतील."

"जोर्वेकर, पेटी पाठवली आणि कुलथे आले, तर गावभर होईल. उद्या दुसरा दाता विचारील, माझी खाट कुठाय. परवा तिसरा. रुग्णालय कशावर चालतं, तुम्हाला ठाऊक नाही?"

त्यांचंही खोटं नव्हतं. मी "बरं" म्हणून फोन ठेवला.

एस्तेर सिस्टर दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"तीन तासांचाच तर प्रश्न आहे," मी म्हणालो.

"कुणाच्या तीन तासांचा?" सिस्टर म्हणाल्या. "मी बावीस वर्षं बाळं हातात घेतेय, जोर्वेकर. अकराशे ग्रॅमचं पोर म्हणजे अंगावर मांस नसतंच. गार पडायला लागलं की आधी रडायचं थांबतं. आया म्हणतात, झोपलं वाटतं. झोपलेलं नसतं ते."

मी खांद्यावरचं फडकं काढून ठेवलं.

"तुमचा देव तुम्हाला काय सांगतो ते तुम्ही बघा," त्या म्हणाल्या. "माझा तर आत्ता मला हुसेनभाईला हाक मार म्हणून सांगतोय."

त्यांनीच हाक मारली. हुसेनभाई आमचे जीपवाले. आम्ही तिघांनी पेटी गादीत गुंडाळली, दोरीने जीपच्या पाठीला आवळली. डोंगरात विजेचा भरवसा नसतो, म्हणून व्होल्टेज सांभाळणारा खोकाही सोबत दिला. पेटीवर पाटी तशीच होती. ती काढावी असं मनात आलं होतं. पण चार स्क्रू काढायला दहा मिनिटं गेली असती.

"घाटात सावकाश, हुसेनभाई," मी म्हणालो.

"सावकाश का लवकर, एक काय ते सांगा, साहेब."

"दोन्ही."

नऊ वाजून दहा मिनिटांनी जीप फाटकाबाहेर पडली.

मग मी वॉर्डात, पेटी दर वर्षी मांडायचो त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत बसलो. सिस्टरांनी तिथली जमीन पुसून घेतली.

"दुरुस्तीला गेलीय म्हणा," त्या हळूच म्हणाल्या. "खोटं म्हणजे फार मोठं खोटं नाही ते."

मीही तेच ठरवलं होतं. पुण्याला पाठवलीय, नवा भाग बसवायचाय. मनात सगळं जुळवून ठेवलं. अगदी पुण्यातल्या मेकॅनिकचं नावसुद्धा.

अण्णा पावणेअकराला आले. धुतलेलं धोतर, काळी टोपी, हातात झेंडूचा हार आणि पेढ्यांचा पुडा. कोपऱ्याशी येऊन थांबले. रिकाम्या जागेकडे बघितलं, मग बाजूच्या कंपनीच्या पेट्यांकडे, प्रत्येकीच्या खाली वाकून पाटी शोधली. मग माझ्याकडे.

"जोर्वेकर, पेटी?"

मी तोंड उघडलं. पुण्याचं सगळं जिभेवर आलं होतं. पण अण्णांनी मान थोडी कलती केली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले, बुवा आख्यानाला उभे राहिले की बघायचे अगदी तसे. मी जे बोलेन ते सगळंच्या सगळं ते घेऊन जाणार होते. मला ते सोसवलं नाही.

"कुंभारदऱ्याला पाठवली, अण्णा. सकाळीच. तिथे जुळी झालीत, त्यांची पेटी जळाली."

"मग बरंच झालं की!" त्यांचा चेहरा उजळला. "पण इथल्या बाळांचं कसं? इथेही लागते ना?"

"इथे लागत नाही."

"लागत नाही म्हणजे? गेल्या वर्षी तर सत्तेचाळीस..."

"अण्णा, सहा वर्षांत त्या पेटीत एकही बाळ निजलं नाही. नव्या पेट्या आल्यापासून ती माझ्या भांडारात होती. तुम्ही यायच्या दिवशी तेवढी बाहेर काढायचो. आत दिसायचं ते बाळ निरोगी असायचं. आकडे मी मनाने सांगितले. गोष्टीही मीच रचल्या."

एस्तेर सिस्टर पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. वॉर्डात कुठलंसं बाळ रडत होतं.

अण्णा हातातल्या हाराकडे बघत राहिले. ते ओरडतील, शिव्या देतील, अशी मी वाट बघत होतो. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"मला सांगितलंत, ठीक," शेवटी ते म्हणाले. "मी दर वर्षी घरी जाऊन हिला सांगितलंय. आता हिला कोण सांगणार?"

"अण्णा..."

"मी नाही सांगणार. चला. तुम्हीच सांगा."

रुग्णालयापासून सराफ आळी दहा मिनिटांची वाट. अण्णा पुढे, मी मागे. वाटेत लोक रामराम घालत होते. अण्णा सगळ्यांना रामराम करत होते आणि हार तसाच हातात होता.

इंदूकाकू, प्रमिलाची आई, लेक गेल्यापासून रुग्णालयाची पायरी चढल्या नव्हत्या. त्या देवघरासमोर तुळशीची पानं निवडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या.

"या भाऊ. आज तुम्हीच आलात? किती झाली ह्या वर्षी?"

मी उभ्याउभ्याच सांगितलं. अण्णांना सांगितलं होतं तेच, तेवढंच. सांगताना मला माझाच आवाज परका वाटत होता.

काकू खाली बसल्या. पुढ्यातली पानं पदराने एका बाजूला सारली.

"तुम्ही सांगाल तितकी पानं मी रोज विठोबाला वाहते," त्या म्हणाल्या. "एकेका बाळाचं एक. आज सकाळीही सत्तेचाळीस वाहिली. जिथे असतील तिथे सुखात ठेव म्हणून." मग थांबून म्हणाल्या, "आणि ते मुठीएवढं? आईचं बोट धरलं होतं ते? त्याचं मी नाव ठेवलं होतं, भाऊ. आता सहा वर्षांचं झालं असेल, शाळेत जात असेल, असं यांना म्हणायची मी."

"ते बाळ नव्हतंच, काकू."

अण्णा भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी खाली वाकून काकूंच्या पायांना हात लावायला गेलो, तर त्यांनी पाय मागे घेतले.

"नको," त्या म्हणाल्या. "आजची दोन कुठली म्हणालात?"

"कुंभारदऱ्याची."

"जगतील?"

जगतील, असं म्हणायची सवय झालेली जीभ. ती आवरायला मला वेळ लागला.

"माहीत नाही."

काकूंनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. मग उठल्या, खुंटीवरची शाल घेतली.

"बस किती वाजता असते?"

"इंदू, तू?" अण्णा वळले.

"मला ती बघायची आहेत. डोळ्यांनी. ऐकून पुष्कळ झालं."

साडेबाराची एस.टी. मिळाली. तीन तासांच्या वाटेत अण्णा माझ्याकडे पाठ करून पुढच्या बाकावर बसले होते. काकू खिडकीशी बसल्या होत्या. घाट लागला, खिडकीच्या फटीतून बोचरा वारा यायला लागला, तसा त्यांनी हात बाहेर काढून बघितला आणि चटकन आत घेतला.

कुंभारदऱ्याचं हॉस्पिटल म्हणजे कौलारू घर, पुढे सारवलेलं अंगण. मंजुळाबाई दाराशीच भेटल्या. रात्रभर जागल्याने डोळे लाल झालेले.

"बाराला चालू केली," त्या मला म्हणाल्या. "धाकटं आत आहे. फार गार पडलं होतं, श्वास मधेच थांबतोय. थोरलं अजून अंगावरच. एका पेटीत दोन ठेवायची माझी तयारी नाही, आणि दुसरी पेटी नाही. ह्या कोण?"

मी सांगितलं. मंजुळाबाईंनी पदर सारखा केला आणि बाजूला झाल्या.

अण्णा पेटीपाशी गेले. आत ते होतं. लाल, सुरकुतलेलं, नाकात बारीक नळी, तळहाताएवढी छाती भात्यासारखी हलत होती. त्यावर रचण्याजोगं काहीच नव्हतं. अण्णांनी हार घातला नाही. पेटीखालच्या पाटीवर बोट फिरवलं, आणि ते बाहेर अंगणात जाऊन बसले.

कोपऱ्यातल्या खाटेवर एक ठाकर बाई पाठीला उशी लावून बसली होती. कांबळ्याच्या आत, तिच्या छातीशी थोरलं. तिचे डोळे मिटत होते.

"सकाळपासून ही तिसरी," मंजुळाबाई म्हणाल्या. "आईला ताप आहे. बाकीच्या दोघी घरी गेल्या, त्यांचीही लेकरं आहेत."

काकूंनी विचारलं, "हात कुठे धुऊ?"

"आजी, तासन्‌तास बसावं लागतं. हलायचं नाही."

"हात कुठे धुऊ, ते सांगा."

मलाही बाहेर काढलं. दाराच्या फटीतून मला शेवटचं दिसलं ते एवढंच, की काकू खाटेवर बसल्यात आणि मंजुळाबाई दोन्ही हातांनी काहीतरी त्यांच्या चोळीच्या आत सरकवताहेत, आणि काकूंनी मान खाली घालून श्वास रोखून धरलाय.

संध्याकाळच्या गाडीने मी नि अण्णा परत आलो. काकू राहिल्या.

दुसऱ्या दिवशी बापूसाहेबांनी मला समोर बसवून फैलावर घेतलं. नोकरी गेली नाही, कारण अण्णा स्वतः येऊन बसले होते. ते एवढंच म्हणाले, "बापूसाहेब, पेटी तिकडेच राहू द्या. आणि बाकीच्यांची माणसंही अशी कापडाखाली ठेवू नका." पुढे मी प्रत्येक दात्याला पत्र घातलं: तुमची वस्तू चालू आहे, पण आमच्याकडे पडून आहे, कुठे पाठवू? तीन-चार जण रागावले. बाकीच्यांनी गावांची नावं कळवली. निवृत्त होईपर्यंत मी ते काम केलं.

पण मला सांगायचंय ते पाचव्या दिवसाचं.

पाचव्या दिवशी सकाळी मी काकूंना आणायला वर गेलो. त्या अंगणात उन्हाला बसल्या होत्या. लुगडं चुरगळलेलं, केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं. मी समोर जाऊन उभा राहिलो. विचारायचा धीर होईना.

"बसा, भाऊ," त्या म्हणाल्या.

मी बसलो.

"धाकटं परवा पहाटे गेलं. बाईंनी खूप केलं, पण गेलं. मग थोरल्याला पेटीत ठेवलंय. थेंब थेंब दूध घेतंय. वजन अजून वाढलेलं नाही."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. काकूंच्या डोळ्यांत नव्हतं. त्यांनी हाताने उन्हाची तिरीप अडवली आणि माझ्याकडे बघितलं.

"एक गेलं, एक आहे. इतकंच तर सांगायचं असतं. त्यात एवढं अवघड काय होतं?"

मी डोळे पुसले.

आतून मंजुळाबाईंनी हाक मारली. काकू गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "मी आज येत नाही. त्याचं वजन वाढेपर्यंत यायची नाही, असं यांना सांगा." दाराशी जाऊन परत वळल्या. "आणि मी सांगितलं तेवढंच सांगा, भाऊ."